न्यूझीलंडमध्ये घर घेताना किंवा बांधताना: कौन्सिलचा लिम रिपोर्ट कसा मागवावा, कसा वाचावा

निकाऊ

इथे घर शोधणाऱ्या आपल्या मंडळींचे लिमबद्दलचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा स्वतंत्र धागा.

लिम म्हणजे लँड इन्फर्मेशन मेमोरँडम. एखाद्या जागेबद्दल कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, दप्तरात जे आहे त्याचा एकत्र अहवाल. १९८७ च्या लोकल गव्हर्न्मेंट ऑफिशियल इन्फर्मेशन अँड मीटिंग्ज कायद्याच्या कलम ४४ए प्रमाणे तो मिळतो. कोणीही कोणत्याही जागेचा मागवू शकतो, मालकाची संमती लागत नाही. कायद्याने ठरवून दिलेली माहिती कौन्सिलला दडवताही येत नाही.

त्यात काय असतं: जमीन खचणे, घसरणे, धूप, पूर, दूषित माती यांपैकी कौन्सिलला ठाऊक असलेलं सगळं, पावसाच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या खाजगी व सार्वजनिक लाइनी, रेट्स (कौन्सिलची घरपट्टी) आणि त्यांची थकबाकी, जुनी परमिट्स, बिल्डिंग कन्सेंट (बांधकाम परवानगी), रिसोर्स कन्सेंट (जमिनीच्या वापराची परवानगी), नोटिसा, आदेश, जागेचा झोन आणि त्यातल्या अटी, २००६ च्या वेदरटाइट होम्स कायद्याखाली गळक्या घराचा दावा नोंदला गेला असेल तर तोही.

काय नसतं हे जास्त महत्त्वाचं. लिम बनवताना कौन्सिलचं कोणीही जागेवर येत नाही. सगळं कागदावरून. मालकाने कौन्सिलला न विचारता गॅरेजची खोली केली, मागे बाथरूम काढली, लाकडाची शेगडी बसवली, तर लिममध्ये त्याबद्दल अवाक्षर नसणार. म्हणून लिम हातात घेऊन घरभर फिरायचं. जे डोळ्यांना दिसतंय पण कागदात नाही, त्याची यादी करायची. निम्म्याहून जास्त अडचणी या एका फेरीत सापडतात.

मागवताना पत्त्यावर विसंबू नका. टायटलवरचं (मालकीच्या नोंदीवरचं) लीगल डिस्क्रिप्शन, म्हणजे लॉट क्रमांक आणि डीपी (डिपॉझिटेड प्लॅन, नोंदलेला मोजणी नकाशा) क्रमांक, अर्जात घाला आणि आलेल्या लिमच्या पहिल्या पानावर तेच आहेत ना ते ताडून बघा. नव्या सबडिव्हिजनमध्ये पुष्कळदा जुन्या मोठ्या प्लॉटचा लिम येतो. त्यात पाडून टाकलेल्या घराची परमिट्स असतात आणि तुमच्या नव्या घराचं काहीच नसतं.

अर्ज कौन्सिलच्या वेबसाइटवरून होतो, पैसे त्याच वेळी भरायचे, रिपोर्ट ईमेलने पीडीएफमध्ये येतो. शुल्क प्रत्येक कौन्सिलचं वेगळं आणि बहुधा १ जुलैला, नव्या आर्थिक वर्षात, बदलतं. कायद्याने कौन्सिलला १० कामाचे दिवस मिळतात. ऑकलंडसारख्या काही ठिकाणी जादा पैसे भरून तातडीचा लिमही मिळतो.

विक्रीच्या प्रमाणित करारात पुढच्या पानावर लिम हवा की नको असा पर्याय असतो. 'हो' निवडलंत तर करारापासून ५ कामाच्या दिवसांत लिम मागवायचा आणि १५ कामाच्या दिवसांत तो पसंत आहे की नाही ते कळवायचं. नापसंतीचं कारण नेमकं लिहावं लागतं आणि ते वाजवी असावं लागतं. 'घर आवडेनासं झालं' हे कारण चालत नाही.

डिसेंबरमध्ये करार करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. प्रमाणित करारात २४ डिसेंबर ते ५ जानेवारी हे कामाचे दिवस धरत नाहीत. कौन्सिलसाठी मात्र कायद्याने २० डिसेंबर ते १० जानेवारी धरत नाहीत. म्हणजे तुमची मुदत ६ जानेवारीच्या आसपास पुन्हा चालू होते आणि कौन्सिलचं घड्याळ अजून थांबलेलंच असतं. त्या काळात करार असेल तर वकिलाकडून तारीख घालून मुदत लिहून घ्या.

---

मांडवी

फार उपयोगी धागा, निकाऊ. दोन प्रश्न आहेत. एजंट स्वतःच लिम पाठवतोय, तो पुरेल का? आणि लिलावातल्या घराचं काय करायचं?

---

निकाऊ

मांडवी, एजंटने दिलेला लिम वाचण्यासाठी चांगला. घर यादीतून बाद करायचं असेल तर त्यावरून जरूर करा, पैसे वाचतील. विकत घ्यायचं ठरलं की मात्र स्वतःच्या नावावर नवा मागवा. दोन कारणं.

पहिलं, लिममधली माहिती तो काढला त्या तारखेची असते. घर चार महिने बाजारात असेल तर मधल्या काळात आलेली नोटीस किंवा डिस्ट्रिक्ट प्लॅनमधला (कौन्सिलच्या विकास आराखड्यातला) बदल त्यात नसणार.

दुसरं कारण कायद्याचं. मार्लबरो डिस्ट्रिक्ट कौन्सिल विरुद्ध आल्टिमार्लोक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असं ठरवलं, की लिममध्ये निष्काळजीपणे चुकीची माहिती दिली तर त्यावर विसंबून खरेदी करणाऱ्याला कौन्सिल जबाबदार ठरते. द्राक्षमळ्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या पाण्याच्या हक्काचा तो वाद होता. प्रत्यक्ष हक्क सांगितल्यापेक्षा खूपच कमी निघाला होता. लिम विकणाऱ्याने मागवलेला असेल तर 'कौन्सिलने मला सांगितलं आणि मी त्यावर विसंबलो' हे म्हणणं फार दुबळं पडतं. घराच्या किमतीपुढे लिमचं शुल्क काहीच नाही, तिथे काटकसर नको.

लिलावात अटी चालत नाहीत. हातोडा पडला की करार बिनशर्त. म्हणून लिम, टायटल, बिल्डरची तपासणी, विम्याचा होकार, बँकेची मंजुरी हे सगळं लिलावाआधी. लिलावाची तारीख अलीकडे ओढता येते हेही लक्षात ठेवा. कोणी आधीच ऑफर टाकली आणि विकणाऱ्याने ती लिलावाचा पाया म्हणून धरली, तर लिलाव दोन-तीन दिवसांवर येतो. घर खरंच हवं असेल तर पहिल्या भेटीनंतर लगेच लिमचा अर्ज टाका.

---

सह्यकडा

मी पुण्याहून वाचतोय, मुलगी हॅमिल्टनला घर बघतेय. हा आपल्याकडच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टसारखा प्रकार आहे का?

---

निकाऊ

नाही काका. सर्च रिपोर्ट मालकी आणि बोजे बघतो. ते काम इथे टायटल करतं आणि ते कौन्सिलकडे नसतं, लँड इन्फर्मेशन न्यूझीलंड या सरकारी खात्याकडे असतं. मालक कोण, गहाण आहे का, वहिवाटीचे हक्क, बांधकामावरची बंधनं हे सगळं टायटलवर. आपल्याकडच्या कागदांत शोधायचं तर लिम हा झोन दाखला, बांधकाम परवानग्या आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची माहिती एकत्र केल्यासारखा आहे, आणि वर पूर-दरडीची माहिती. मुलीला टायटल आणि लिम दोन्ही बघायला सांगा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

---

रंधा

बांधकामाच्या बाजूने लिहितो, कारण लिममधलं कन्सेंटचं पान बहुतेक लोक नुसतं चाळतात.

प्रत्येक ओळीत कन्सेंटचा क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन आणि स्थिती असते. १ जानेवारी १९९३ च्या आधीची ती परमिट्स. त्यांना कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे सीसीसी (काम बिल्डिंग कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, झाल्याचा दाखला), हा प्रकारच नव्हता, त्यामुळे तिथे सीसीसी दिसत नाही म्हणून घाबरू नका. त्यानंतरच्या प्रत्येक बिल्डिंग कन्सेंटपुढे सीसीसी दिल्याची नोंद हवी. नसेल तर काम अर्धवट राहिलं, शेवटची तपासणी झाली नाही किंवा तपासणीत नापास झालं, यांपैकी काहीतरी आहे. कोणतं ते लिम सांगत नाही. त्यासाठी प्रॉपर्टी फाइल वेगळी मागवावी लागते. मंजूर नकाशे, तपासणीचे शेरे, पत्रव्यवहार त्यात असतो.

'विकणारा सेटलमेंटनंतर (पैसे देऊन ताबा घेतल्यावर) सीसीसी काढून देईल' या तोंडी आश्वासनावर पुढे जाऊ नका. जुन्या कन्सेंटचं सीसीसी आज काढणं किचकट असतं. बिल्डिंग कोडमध्ये टिकाऊपणाची कलमं आहेत: मुख्य सांगाडा किमान ५० वर्षं, बाहेरचं आवरण आणि छप्पर साधारण १५, सहज बदलता येणारे भाग ५. ही वर्षं सीसीसीच्या तारखेपासून मोजतात. २००३ चं आवरण आज सीसीसी मागायला गेलं तर आजपासून १५ वर्षं टिकेल असं कौन्सिल कसं म्हणणार? मग काम प्रत्यक्ष पूर्ण झालं त्या तारखेपासून वर्षं मोजावीत अशी सवलत मागावी लागते, पुरावे द्यावे लागतात, कधी भिंती उघडाव्या लागतात. प्लास्टरसारख्या सपाट आवरणाची, छपराला बाहेर पागोळी नसलेली नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकातली घरं असतील तर आणखी कठीण. गळक्या घरांच्या संकटाचा काळ तोच. लिममध्ये गळतीचा दावा नाही याचा अर्थ घर कोरडं आहे असा नाही. अशा घराला ओलाव्याची तपासणी वेगळी करून घ्याच.

परवानगीविना झालेलं काम सापडलं तर त्याला पुढे सीसीसी मिळत नाही. १ जुलै १९९२ नंतरचं काम असेल तर सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स मागता येतं. कौन्सिल त्यात जेवढं तपासता आलं तेवढ्याचीच ग्वाही देते. झाकलेलं वायरिंग, वॉटरप्रूफिंग, पाया हे बहुधा वगळलेलं असतं. १९९२ आधीच्या कामाला तेही नाही, तिथे स्वतंत्र तज्ज्ञाचा घर सुरक्षित आणि आरोग्यदायी असल्याचा अहवाल फाइलला लावतात.

लिम घेऊन फिरताना आधी बघा: गॅरेजचं झोपायच्या खोलीत किंवा स्लीपआउटमध्ये (मुख्य घराबाहेरच्या झोपायच्या खोलीत) रूपांतर, दुसरं स्वयंपाकघर, वाढवलेली बाथरूम, लाकडाची शेगडी, दीड मीटरपेक्षा उंच डेक, दीड मीटरपेक्षा उंच रिटेनिंग वॉल, पोहण्याचा तलाव. तलावाच्या कुंपणाची दर तीन वर्षांनी तपासणी होते, शेवटच्या तपासणीचा निकाल विचारा. आईवडील येऊन राहणार म्हणून आपल्या लोकांना खाली वेगळं किचन असलेलं घर आवडतं. नेमकं तेच किचन पुष्कळदा कागदावर 'रंपस रूम' (खेळायची खोली) किंवा 'वर्कशॉप' असतं. विमा कंपनी आणि बँक दोघेही यावर अडतात.

---

मांडवी

रंधा, डेक कमी उंचीचा आहे, लिममध्ये नाही. मग तो बेकायदा का?

---

रंधा

नाही. डेकवरून पडलं तरी दीड मीटरपेक्षा जास्त खाली पडणं शक्य नसेल तर बिल्डिंग कन्सेंट लागतच नाही, म्हणून लिममध्ये नोंद नसते. लहान शेड, काही कारपोर्ट यांचंही तसंच. पण कन्सेंट लागत नाही म्हणजे बिल्डिंग कोड लागत नाही असं नव्हे, आणि डिस्ट्रिक्ट प्लॅनचे नियमही सुटत नाहीत. हद्दीपासूनचं अंतर, प्लॉटवरच्या एकूण बांधकामाचं प्रमाण बघावं लागतं. उताराच्या जागेवर डेकची उंची सगळ्यात खालच्या टोकाशी मोजा.

---

ओहोटी

पुराच्या पानाबद्दल सविस्तर लिहितो, कारण २७ जानेवारी २०२३ च्या ऑकलंडच्या पुरानंतर आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या गॅब्रिएल वादळानंतर सगळे तेच पान आधी उघडतात आणि चुकीचं वाचतात.

नकाशावर तीन वेगळ्या गोष्टी असतात. फ्लड प्लेन म्हणजे मोठ्या पावसात नदी-नाल्याचं पाणी पसरतं तो पट्टा. ओव्हरलँड फ्लो पाथ म्हणजे गटारं भरल्यावर पाणी जमिनीवरून ज्या वाटेने वाहतं ती वाट. फ्लड प्रोन एरिया म्हणजे जिथे पाण्याला बाहेर पडायला वाट नाही आणि ते साचतं असा खोलगट भाग. तिन्हींचे परिणाम वेगळे. फ्लो पाथ प्लॉटच्या कडेने जात असेल आणि वाट मोकळी असेल तर घर सुरक्षित असू शकतं. शेजाऱ्याने त्याच वाटेवर भरीव कुंपण उभारलं असेल तर पाणी तुमच्या जोत्याकडे वळतं, आणि हे लिममध्ये दिसणार नाही. त्यासाठी जागेवर जाऊन उतार आणि कुंपणाखालची फट बघावी लागते.

फ्लड प्लेन एक टक्का वार्षिक शक्यतेच्या पावसावर आखलेला असतो. त्याला 'शंभर वर्षांतला पूर' म्हणतात आणि तिथेच गफलत होते. दर वर्षी एक टक्का म्हणजे ३० वर्षांच्या कर्जाच्या काळात एकदा तरी तो येण्याची शक्यता साधारण २६ टक्के.

दुसरी तपासणी फरशीच्या पातळीची. प्लॉट फ्लड प्लेनमध्ये आहे आणि घराची फरशी पुराच्या पातळीच्या पुरेशी वर आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कौन्सिलकडून पुराची अंदाजित पातळी घ्या, सर्व्हेयरकडून फरशीची पातळी मोजून घ्या, दोन्ही एकाच आधारपातळीवर आहेत याची खात्री करा. ऑकलंडमध्ये राहत्या खोल्यांच्या फरशीसाठी पुराच्या पातळीच्या वर बहुधा ५०० मिमी मोकळी उंची मागतात.

ऑकलंडच्या लिममध्ये २०२३ च्या आपत्तीतले लाल, पिवळे, पांढरे स्टिकर (घर वापरण्याजोगं आहे का ते दाखवणारे) आणि जोखमीची वर्गवारी असेल तर तीही बघा. वर्ग ३ म्हणजे जीविताला न पेलणारा धोका, तीच घरं कौन्सिलने विकत घेतली. २पी म्हणजे त्या जागेपुरते उपाय करून धोका कमी करता येतो असं घर, २सी म्हणजे आजूबाजूच्या परिसरात काम करून. २पी दिसलं तर विचारा: ते काम झालं का, कागद कुठे आहे?

लिमसाठी पैसे भरण्याआधी ऑकलंड कौन्सिलचा फ्लड व्ह्यूअर आणि जिओमॅप्स फुकट बघता येतात. पाच घरांतून दोन निवडायला तेवढं पुरतं.

---

वैशाली_क्राइस्टचर्च

ओहोटी, उत्तम माहिती. दक्षिणेकडची भर घालते.

क्राइस्टचर्चच्या लिममध्ये द्रवीकरणाची (भूकंपात ओली जमीन चिखलासारखी पातळ होण्याची) माहिती आधी वाचा. सप्टेंबर २०१० आणि फेब्रुवारी २०११ च्या भूकंपांनंतर सपाट भागातल्या निवासी जमिनीचे टीसी१, टीसी२, टीसी३ असे वर्ग केले गेले. टीसी३ म्हणजे पुढच्या मोठ्या भूकंपात जमीन लक्षणीय खचू किंवा सरकू शकते, म्हणून नवा पाया घालताना त्या जागेची भूतांत्रिक तपासणी आणि खास पाया लागतो. टीसी३ वर घर घेऊच नये असं मी म्हणणार नाही. दुरुस्ती कोणत्या पद्धतीने झाली, तिला कन्सेंट होता का आणि सीसीसी मिळालं का, यावर निर्णय घ्या. विम्याच्या पैशातून भिंती रंगवल्या आणि पाया तसाच, अशी घरं बाजारात येतात. दाव्याचा तपशील लिममध्ये नसतो, तो विकणाऱ्याकडून मागायचा.

दूषित माती हा दुसरा मुद्दा. जुनं पेट्रोल पंप, फळबागेतली औषधफवारणी, मेंढ्या औषधात बुडवायचे हौद, लाकूड मुरवण्याचे कारखाने अशा कामांची सरकारी यादी आहे. जिथे हे झालं तिथे कँटरबरीची प्रादेशिक कौन्सिल नोंदवही ठेवते, तिचं नाव लिस्टेड लँड यूज रजिस्टर. ते ऑनलाइन फुकट बघता येतं. नोंद असली तर खणताना, प्लॉट पाडताना, वापर बदलताना मातीची तपासणी लागू शकते आणि काढलेली माती ठरलेल्या जागीच टाकावी लागते. अंगणात भाजी लावणाऱ्यांनी तर बघाच.

आणि टायटलवर बिल्डिंग कायद्याच्या कलम ७२ ची, किंवा जुन्या १९९१ च्या कायद्याच्या कलम ३६ ची नोंद आहे का बघा. धोका माहीत असूनही बांधायला परवानगी दिली, असा त्याचा अर्थ. नैसर्गिक आपत्तीच्या सरकारी विम्याचा दावा अशा नोंदीमुळे नाकारला जाऊ शकतो किंवा कमी होऊ शकतो. त्यामुळे खाजगी विमा कंपनीला ती नोंद दाखवून लेखी होकार घेतल्याशिवाय करार बिनशर्त करू नका.

---

भारद्वाज

लाइनींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लिमसोबत ड्रेनेजचा नकाशा येतो. सार्वजनिक लाइन प्लॉटमधून जाते का आणि घराच्या किंवा नियोजित खोलीच्या खालून जाते का, हे बघा. सार्वजनिक लाइनीवर किंवा तिच्या अगदी जवळ बांधायला वेगळी मंजुरी लागते. ऑकलंडमध्ये सांडपाण्यासाठी वॉटरकेअरकडे जायचं, पावसाच्या पाण्यासाठी कौन्सिलकडे. आधीच वर खोली बांधली असेल तर त्या मंजुरीचा कागद मागा. नसेल तर लाइन फुटली की खोदकाम तुमच्या खोलीतून.

जुने नकाशे हाताने काढलेले असतात, प्रत्यक्ष लाइन मीटरभर इकडेतिकडे सहज निघते. खर्चाचा निर्णय नकाशावरून करू नका, ड्रेनलेयरकडून (गटारलाइनींचं काम करणाऱ्याकडून) कॅमेरा घालून बघा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घरांत भाजलेल्या मातीचे पाइप असतात, सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात.

क्रॉस लीजवाल्यांनी (जमीन सामाईक आणि घर भाडेपट्ट्याने, अशी मालकी असलेल्यांनी) टायटलवरचा फ्लॅट्स प्लॅन, म्हणजे घरांच्या बाह्यरेषेचा नकाशा, घराशी ताडून बघा. प्लॅनमध्ये नसलेली बंदिस्त खोली म्हणजे टायटल सदोष, मग तिला कौन्सिलचं कन्सेंट आणि सीसीसी असलं तरी. लिम इथे पूर्ण गप्प असतो. ती दुरुस्ती करायला सहमालकाची संमती, सर्व्हेयर आणि वकील तिघे लागतात.

अवांतर: अपार्टमेंट घेणाऱ्यांना लिममधून इमारतीच्या देखभालीच्या निधीचं काही कळत नाही. त्यासाठी युनिट टायटल्स कायद्याखाली विकणाऱ्याने द्यायचा कराराआधीचा खुलासा वाचा.

---

मांडवी

लिममध्ये समुद्राच्या धुपेची रेषा दिसली तर घर सोडूनच द्यायचं का? काही एजंट म्हणतात, कौन्सिल उगाच घाबरवते.

---

ओहोटी

रेषा कसली आहे ते वाचा: किती वर्षांसाठीची, समुद्र किती वाढेल असं धरून, आणि अंदाज कोणी केला. कापिटी किनाऱ्यावर अशा रेषा लिममध्ये घातल्या गेल्या तेव्हा रहिवासी कोर्टात गेले. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचं म्हणणं साधारण असं होतं, की धोक्याची माहिती देणं कौन्सिलला भाग आहे, पण ती स्पष्ट आणि समतोल मांडली पाहिजे. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक धोक्यांची माहिती, हवामानबदलाच्या परिणामांसकट, समजेल अशी द्यावी आणि प्रादेशिक कौन्सिलनेही आपल्याकडची माहिती स्थानिक कौन्सिलला पुरवावी, असं आलं. मूळ तांत्रिक अहवालाचं नाव लिममध्ये असेल तर तो मागवून वाचा. कौन्सिल घाबरवते की नाही यापेक्षा विमा कंपनी काय म्हणते ते विचारा, आणि पुढच्या खरेदीदारालाही हेच पान दिसणार आहे हे किमतीत धरा.

---

सह्यकडा

मुलीला पुढे मागच्या अंगणात आमच्यासाठी लहान घर बांधायचं आहे. त्यासाठीही लिमच पुरतो का?

---

रंधा

काका, तिथे पिम लागतो, प्रोजेक्ट इन्फर्मेशन मेमोरँडम. लिम जागेबद्दल असतो, पिम त्या जागेवरच्या ठराविक बांधकामाबद्दल. २००४ च्या बिल्डिंग कायद्याखाली मिळतो. अर्जासोबत जागेचा आराखडा, घराचं ठिकाण, आकार, पाण्याची सोय कशी जोडणार हे द्यावं लागतं. धोके, लाइनी, वारसा म्हणून संरक्षण, रिसोर्स कन्सेंट लागेल का, विकास शुल्क बसेल का, हे त्यात येतं. रिसोर्स कन्सेंट आवश्यक असेल आणि मिळालेलं नसेल तर कलम ३७ चं प्रमाणपत्र जोडतात, म्हणजे ते मिळेपर्यंत कामाला मनाई किंवा मर्यादा. साध्या बिल्डिंग कन्सेंटसाठी पिम २०१० पासून ऐच्छिक आहे, तरी उताराच्या किंवा पुराच्या जागेवर नकाशांवर मोठा खर्च करण्याआधी तो घेणं शहाणपणाचं.

जानेवारी २०२६ पासून ७० चौरस मीटरपर्यंतचं, एकमजली, स्वतंत्र, साध्या रचनेचं लहान घर ठराविक अटींवर बिल्डिंग कन्सेंटशिवाय बांधता येतं. परवानाधारक कारागिरांकडून किंवा त्यांच्या देखरेखीखाली काम, हद्दीपासून आणि दुसऱ्या घरापासून किमान २ मीटर अंतर, अशा त्या अटी. या सवलतीत पिम मात्र आधी घ्यावाच लागतो, आणि काम संपल्यावर ठरलेले कागद कौन्सिलला द्यावे लागतात. पिममध्ये जमिनीला नैसर्गिक धोका दाखवला तर सवलत मिळेलच असं धरू नका.

---

निकाऊ

यात एक भर. पिमसाठी 'मालक' या शब्दात कायद्याने खरेदीचा लेखी करार केलेली व्यक्तीही धरली आहे, करार सशर्त असला तरी चालतं, फक्त तो अमलात असायला हवा. म्हणजे मागे लहान घर बांधता यावं म्हणूनच प्लॉट घेत असाल, तर सेटलमेंटची वाट न पाहता, अटींच्या मुदतीतच पिमचा अर्ज टाकता येतो. साध्या पिमला कौन्सिलला २० कामाचे दिवस मिळतात, या लहान घराच्या सवलतीतल्या पिमला १०. पाच किंवा दहा दिवसांच्या ड्यू डिलिजन्समध्ये (करारातल्या तपासणीच्या मुदतीत) हे बसणार नाही. काका, मुलीने वकिलाला ऑफर टाकण्याआधीच सांगावं, की लिम आणि पिम दोन्ही येईपर्यंत पुरेल अशी ड्यू डिलिजन्सची मुदत लिहा, आणि त्या कलमाची भाषा लिमच्या कलमापेक्षा मोकळी ठेवा.

---

भारद्वाज

आणि पिमच्या आराखड्यात लहान घराची सांडपाण्याची जोडणी मुख्य घराच्या लाइनीला दाखवणार असाल, तर कॅमेऱ्याची तपासणी त्याआधी. लाइनीचा उतार अपुरा निघाला किंवा पाइप फुटका निघाला तर घराची जागाच बदलावी लागते, आणि मग पिमचा अर्ज पुन्हा करावा लागतो.